एकाही घरात सुन्ना नाही

धोंडीबा मुनेश्वर गुरुजींचं अक्षर तेलंगणातल्या बेला मंडळात, म्हणजे तालुकाभर, अजून नावाजलेलं आहे. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी विहाराचा फलक रंगवायचा असो, लग्नाची पत्रिका लिहायची असो की पेन्शनचा अर्ज, लोक त्यांच्याच ओसरीवर येतात. कुणी अक्षराचं कौतुक केलं की गुरुजी "असू दे, असू दे" म्हणतात आणि आतून सुखावतात. सुखावू देत बिचारे. वडील पाटलाकडं सालदार, जन्मभर अंगठा उठवत गेले, आणि त्याच घरातून हे अक्षर निघालं. एवढा अभिमान माणसाला शोभतो. मात्र त्या अभिमानानं एकदा काय करून ठेवलं होतं, ते गुरुजी विसरून गेले होते. खरं सांगायचं तर त्यांनी विसरायचं ठरवलं होतं, आणि माणसानं मनावर घेतलं की तेही जमतं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कापसाची वेचणी जोरात होती, त्यामुळे बौद्ध वस्ती दिवसभर रिकामी असायची. गुरुजी ओसरीवरच्या खाटेवर पेपर वाचत पडले होते, तेव्हा दीपमाला आली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या भागीरथाबाईची ही नात, तिच्या प्रीतीची मुलगी. प्रीती लग्न होऊन इचोड्याला गेलेली. नवरा ट्रकवर, आणि ती हायवेवरच्या एका ढाब्यात पोळ्या लाटते. पोळ्या लाटून लाटून तिनं मुलीला आदिलाबादच्या कॉलेजात डिग्रीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचवलं होतं. दीपमाला आठवडाभरासाठी आजीकडं आली होती. हातात वही होती, मोबाइल होता आणि कपाळावर आठ्या होत्या.

"जय भीम, गुरुजी. टाइम हाय काय तुमाले?"

"रिटायर मानसाजवळ दुसरं काय असते, माय? बस."

दीपमालाला कॉलेजातून प्रोजेक्ट मिळाला होता. एक गाव घ्यायचं आणि तिथल्या गरिबीत वीस-पंचवीस वर्षांत काय बदललं ते लिहायचं. तिनं आजीचं गाव घेतलं होतं. मोबाइलवर शोधून शोधून ती दमली होती, कारण एका ठिकाणी एक आकडा आणि दुसऱ्या ठिकाणी दुसराच.

"मॅडम म्हन्ते, दिसलं ते उचलून आनू नका," ती सांगू लागली. "पैले पाहा, लिवनारा कोन हाय. तो सोता तिथं गेल्ता काय. आन् तवाच लिवलं का मांगून आठवून लिवलं. मंग भरोसा ठेवा. आन् तेबी एका कागदावर नाई. दोन कागद एकमेकाले जुळले पायजे."

गुरुजी उठून बसले. त्यांचा चेहरा खुलला. असा प्रश्न घेऊन त्यांच्याकडं यायला या पोरीनं उशीरच केला, असं त्यांना वाटलं. "अवं, कायले मोबाइलात डोये फोडतं? तुह्या मॅडमच्या तिन्ही परीक्षेत पास होईल असा कागद माह्या खाटेखाली हाय."

खाटेखालून पत्र्याची पेटी निघाली. पेटीत कापडात बांधलेला गठ्ठा होता. तेवीस वर्षांपूर्वी, तेलंगणा वेगळं व्हायच्या आधी, सरकारनं घरोघरचा गरिबीचा सर्व्हे केला होता आणि गावाचं काम गुरुजींकडं आलं होतं. त्यातले आपल्या वस्तीचे एकेचाळीस फारम त्यांनी कार्बन लावून भरले होते आणि दुसरी प्रत जपून ठेवली होती. तेलुगूत छापलेले प्रश्न, समोर गुरुजींच्या अक्षरातली उत्तरं, खाली सही आणि जांभळा शिक्का. प्रत्येक प्रश्नाला शून्यापासून चारपर्यंत गुण होते. घरात ती गोष्ट मुळीच नसेल तर शून्य, म्हणजे इथल्या बोलीत सुन्ना. ज्या घराचे गुण कमी, ते घर गरिबांच्या यादीत वर.

"बाकीच्या गावातल्या मास्तराईनं चावडीत बसून फारम भरले," गुरुजी म्हणाले. "मी एकेचाळीस घरं पायानं फिरलो. उंबऱ्याच्या आत जाऊन इचारलं. लिवनारा मी, गेलो मी, आन् लिवलं त्याच घडीले."

यात एक शब्दही खोटा नव्हता.

"आन् दुसरा कागद, गुरुजी?"

"शाळेत जाय. त्या सालाची सातवीची हजेरी माह्याच हातची हाय. हेडमास्तरले माहं नाव सांग, कपाटातून काढून देते."

"दोनी तुमच्याच हातचे, मंग जुळतीनच," दीपमाला हसून म्हणाली. गठ्ठा ओढणीत गुंडाळून ती निघाली. गुरुजींनी पुन्हा पेपर उचलला. त्या दिवशी जेवणही त्यांना दोन घास जास्त गेलं.

हजेरीचं मात्र ते साफ विसरले होते. त्यांची एक जुनी सवय होती. पोरगं आलं नाही तर नुसता गैरहजेरीचा शेरा मारून ते थांबत नसत. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात कारण लिहीत. कुणी मागितलेलं नव्हतं, कुणी वाचतही नव्हतं. इन्स्पेक्टर यायचे ते बेरीज बघून जायचे. वाचणारं कुणी नव्हतं, म्हणूनच तिथं गुरुजी दिसेल ते लिहीत गेले.

चौथ्या दिवशी दुपारी दीपमाला परत आली. खाटेवर एका बाजूला तिनं फारमांचा गठ्ठा ठेवला, दुसऱ्या बाजूला हजेरी. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण अक्षर जसंच्या तसं.

"गुरुजी, एकेचाळीस घरं, आन् एकाबी घरात सुन्ना नाई," ती म्हणाली. "मले लय नवल वाटलं. तवा आपली वस्ती एवढी चांगली होती?"

गुरुजींनी हजेरीवरची धूळ पुसली.

"हा आमच्या आजीचा फारम." तिनं वाचायला सुरुवात केली. "जेवण, दिवसातून दोनदा, पोटभर. पायात चप्पल, सगळ्यांना. मुलं, शाळेत नियमित. सरकारकडून कोणती मदत हवी, काही नको." मग तिनं हजेरी पुढं ओढली. "आन् हे त्याच आठवड्यातलं. आमच्या आईच्या नावापुढं. सोमवार, गैरहजर, आईबरोबर वेचणीला. मंगळवार, गैरहजर, वेचणीला. बुधवार, हजर, सकाळपासून उपाशी, प्रार्थनेला चक्कर आली. गुरुवार, गैरहजर, पाय फुटले आहेत."

गुरुजी शेजारच्या पेपराची घडी घालत राहिले.

"हे जुळत नाई ना, गुरुजी. दोन दिवस म्या इचार केला. मंग समजलं." दीपमालाच्या आवाजात एक गणित सुटल्याचं समाधान होतं. "सर्व्हे सरकारी हाय, शिक्का हाय, तुमी घरात जाऊन डोयानं पाह्यलं. हजेरीत तुमी पोट्टे सांगतीन ते लिवलं असंल. आईनं शाळा बुडवाले खोटं सांगतलं. ती मले जलमभर सांगते, मले शिकाचं होतं, मले शिकाचं होतं. आता पुरावाच भेटला. म्या तसं लिवून टाकलं." तिनं वही उघडून दाखवली. घरची परिस्थिती बरी असूनही काही मुलं आळसामुळं शाळा सोडत, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. खाली उदाहरण म्हणून आईचं नाव नव्हतं, पण वय होतं, इयत्ता होती, वर्ष होतं. "बरोबर हाय ना, गुरुजी?"

हीच वेळ होती. एक वाक्य बोललं असतं तर भागलं असतं. पण अडुसष्ट वर्षं ज्याला कुणी खोटा म्हटलं नाही त्या माणसाला ते वाक्य घशाबाहेर काढता येईना. "तुले जसं वाटते तसं लिव," गुरुजी म्हणाले. पोरीनं वाकून नमस्कार केला आणि गठ्ठा, हजेरी घेऊन ती गेली. त्या नमस्काराची गुरुजींना आतून लाज वाटली.

मग दुपारभर त्यांना सगळं आठवत राहिलं. मंडळाच्या गावी सर्व्हेचं ट्रेनिंग झालं होतं. शिकवायला आलेला साहेब तेलुगूत बोलत होता, गमत्या होता, सगळ्यांना हसवत होता. बोलता बोलता म्हणाला, त्या वस्त्यांमध्ये कशाला पाय झिजवता, वरपासून खालपर्यंत सुन्ना, सुन्ना, सुन्ना घाला आणि मोकळे व्हा. पन्नास मास्तर हसले. गुरुजी नाही हसले. परत येताना बसमध्ये त्यांनी मनाशी पक्कं केलं की आपल्या वस्तीचा एकही सुन्ना या माणसाच्या टेबलावर जाऊ द्यायचा नाही. आपण कुणापुढं हात पसरणारे लोक राहिलो नाही, हे त्याला आपल्या अक्षरात वाचू दे.

आणि त्याच हिमतीवर ते भागीरथेच्या घरात गेले होते. नवरा वारून तिला दोन वर्षं झालेली, पदरात प्रीती आणि धाकटा सुरज. चुलीवर भाताचं पातेलं, म्हणजे इथल्या बोलीत गंज, चढवलेला होता, वर झाकण, बाजूनं वाफ. "भात शिजून राह्यला, गुरुजी," भागीरथा म्हणाली होती. शिजत्या भाताचा वास येतो. त्या घरात फक्त धुराचा वास होता. दाराशी चपलांचा एकच जोड होता, पुरुषाचा, मोठा, शेजारून आणलेला. गुरुजींनी एकदा झाकणाकडं बघितलं, मग मान खाली घातली आणि लिहिलं, दोनदा, पोटभर. शेवटचा प्रश्न मदतीचा होता. तो त्यांनी विचारलाच नाही. काही नको, असं स्वतःच लिहून टाकलं आणि बाहेर पडताना त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला होता.

इथपर्यंतचं एक वेळ माफ करता आलं असतं. पुढच्या जूनमध्ये प्रीती सातवीत पहिली आली. मुलींच्या वसतिगृहात एका जागेसाठी गुरुजीच तिचा अर्ज घेऊन गेले. कारकुनानं यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, हे घर तर खाऊन-पिऊन सुखी आहे, गुरुजी, तुमचीच सही आहे. जागा रिकामी होती. तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी चुकीचं लिहिलं, एवढं म्हणायला हवं होतं. गुरुजी अर्ज घडी करून खिशात घालून परत आले आणि भागीरथेला म्हणाले, जागा भरल्या. प्रीती वेचणीला जाऊ लागली ती गेलीच. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. आहेराच्या पाकिटावर नाव गुरुजींनीच सुरेख अक्षरात लिहिलं होतं.

आणि आता तिचीच मुलगी तिला आळशी ठरवून तो कागद कॉलेजात देणार होती. पुरावा कोणाचा, तर धोंडीबा गुरुजींचा.

उन्हं उतरली तसे गुरुजी उठले. बायकोनं चहा विचारला, तर नको म्हणाले. भागीरथा नुकतीच रानातून आली होती. साठी ओलांडली तरी ती अजून वेचणीला जाते. दारात बसून ती बोटांना तेल लावत होती, कारण बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडतात. दीपमाला आत वही घेऊन बसली होती.

"या गुरुजी. माय, खुर्ची दे गुरुजीले," भागीरथा नातीला म्हणाली.

"खुर्ची नोको." गुरुजी उंबऱ्यावर बसले. "दीपमाला, बाहेर ये. ते लिवलेलं खोडून टाक. हजेरी खरी हाय. फारम खोटा हाय."

दीपमाला बघतच राहिली. "पन तुमी तर सोता आत आल्ते."

"आल्तो. डोयानं पाह्यलं, आन् तरी खोटं लिवलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ट्रेनिंगचा साहेब, सुन्ना, गंज, चपला. सांगताना ते भागीरथेकडं बघत नव्हते. "भागीरथाबाई, तुमच्या गंजात पानी होतं, हे मले समजलं होतं."

"मले माहीत हाय," भागीरथा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "तुमी झाकनाकडं पाह्यलं, मंग खाली पाह्यलं. तवाच म्या वळखलं."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"काय बोलाचं होतं? ते पानी म्या तुमच्यासाठी नोतं ठेवलं, गुरुजी. ते गल्लीसाठी होतं. चूल पेटली नाई त लोकं पाहतेत. तुमी त आपले मानूस. मले वाटलं, म्या तोंडानं काईबी सांगो, तुमी पाह्यलं ना, तुमी बराबर लिवसान."

तेवीस वर्षं गुरुजी स्वतःला समजावत आले होते की आपण त्या बाईची लाज राखली. तिनं त्यांच्याकडं लाज राखायला दिलीच नव्हती.

"आनखी एक हाय," ते म्हणाले. "प्रीतीच्या होस्टेलची जागा भरली नोती."

भागीरथेचं बोट तेलाच्या वाटीत थांबलं. "नोती भरली?"

"नोती. यादीत तुमचं घर चांगलं दिसत होतं. माह्या सहीनं. मी तिथं बोललो नाई."

भागीरथेनं वाटी बाजूला सरकवली आणि पदराला हात पुसले. "माही पोट्टी सात दिवस रडत होती," एवढंच म्हणाली. "म्या तिले म्हनलं, जागा भरल्या त गुरुजी काय करतीन."

गुरुजींनी हात जोडले. भागीरथेनं त्या हातांकडं बघितलं आणि दुसरीकडं मान वळवली. शिव्या दिल्या असत्या तरी गुरुजींना बरं वाटलं असतं.

दीपमालानं वही उघडली होती. आईबद्दलच्या ओळीवर तिनं एकदा रेघ मारली, मग दुसऱ्यांदा, मग कागद फाटेपर्यंत. गुरुजींकडं न बघता ती म्हणाली, "मले लिवनारा पायजे, सही पायजे, तारीख पायजे. गठ्ठ्यात एक कोरा फारम हाय. भरून देता काय? आजी हाय समोर."

"आता भरलेला चालंल तुह्या मॅडमले? आठवून लिवलेलं हाय."

"मी खाली तसंच लिवीन. तेवीस वर्सानंतर, आठवून. पन इचारून."

गुरुजींनी खिशातला पेन काढला. कोरा फारम मांडीवर घेतला आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचू लागले, आधी तेलुगूत, मग आपल्या बोलीत. भागीरथा उत्तरं देत गेली. आढेवेढे न घेता, कुणा दुसऱ्या बाईबद्दल सांगावं तशी. जेवण? सकाळी नाही, सांजेला कधी. पायात? तिघांत मिळून काही नाही. पोरं? वेचणीला. गुरुजी लिहीत गेले, सुन्ना, सुन्ना, सुन्ना. गोल वाकडेतिकडे उमटत होते. कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं की हे धोंडीबा गुरुजींचं अक्षर आहे.

शेवटचा प्रश्न आला. तो त्यांनी सावकाश वाचला. "सरकारकडून कोन्ती मदत पायजे?"

"आता?" भागीरथेनं विचारलं.

"आता नाई. तवा."

भागीरथेनं दारात बसलेल्या नातीकडं बघितलं.

"पोरीले शाळा," ती म्हणाली. "तुमी तवा इचारलं असतं, त हेच सांगतलं असतं."